परातीच्या पाठीवरची गुंडी

१. काट्याची साक्ष

वजनकाट्याची सुई सतरा किलो चारशे ग्रॅमवर येऊन स्थिरावली, आणि आमच्या प्रयोगशाळेत चोरी झाली आहे हे सर्वांस कळून चुकले.

सुई मी पाहिली, परात धुऊन शेजारी उभ्या असलेल्या धुलाईताईंनी पाहिली, दारातल्या पहारेकऱ्याने पाहिली. परातीचे स्वतःचे वजन वजा जाता वीस किलो भरायला हवे होते. काट्यावर संशय घेऊन मी प्रमाणित वजने ठेवून पाहिली. काटा निर्दोष होता. दोन किलो सहाशे ग्रॅम पोलाद, चहूबाजूंनी बंद असलेल्या पात्रातून, नाहीसे झाले होते.

मी तेथील भांडारपाल. माझे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेशी थांबले, तरी छापील अक्षर दिसले की ते वाचल्यावाचून पुढे जायचे नाही ही सवय वडिलांनी लावली होती. त्या सवयीपायी वीस वर्षांत जे उमगले त्याच्या आधारे हा वृत्तान्त लिहीत आहे.

प्रयोगशाळेचे काम काय, हे आधी सांगितले पाहिजे. अणुभट्टीच्या एका जातीत गाभ्यातील उष्णता वाहून नेण्यास पाणी चालत नाही. तेथे वितळलेले सोडियम फिरवतात. सोडियम म्हणजे मिठात लपलेला धातू. चांदीसारखा चकचकीत, लोण्यासारखा मऊ, आणि पाण्याचा थेंब दिसला की पेटून उठणारा. अशा भट्टीत सगळे उपाय एकाच वेळी हरले, गाभा वितळला आणि त्याचा रस खाली वाहू लागला तर? हा प्रश्न उच्चारायला सामान्य माणसाची जीभ धजावत नाही. आमच्याकडील माणसे रोज सकाळी डबा ठेवून तोच प्रश्न हाती घेतात. गाभ्याच्या खाली, त्याच भांड्यात, एक रुंद पोलादी तबक बसवलेले असते. वरून येणारा रस त्याने झेलायचा, पसरू द्यायचा, भोवतालच्या सोडियमकडून निववून घ्यायचा, आणि भांड्याच्या तळाला धग लागू द्यायची नाही. कागदोपत्री त्या तबकाचे नाव मोठे आहे. आम्ही त्यास परात म्हणतो.

या परातीचे मला पहिल्या दिवसापासून नवल वाटत आले आहे. जगातील प्रत्येक वस्तू वापरासाठी घडवली जाते. ही एकच वस्तू अशी, की तिने साठ वर्षे अंधारात पडून राहावे आणि तिची गरज कधीही पडू नये, अशी तिला घडवणाराच मनोमन प्रार्थना करतो. आणि गरज उद्याच पडणार असल्यासारखी ती घडवतो.

तर आमच्या पुरुषभर उंचीच्या पात्रात सोडियम भरून, त्यात वीस किलो वितळलेले पोलाद वरून सोडायचे आणि खाली ठेवलेली लहान परात ते कसे झेलते हे पाहायचे, असा हा प्रयोग. हा सातवा आणि अखेरचा. झाकण वेल्ड करून, त्यातील नळीने पोलाद ओतून तिचे तोंड बंद केले, सोडियम काढून घेतले, तीन दिवस पात्र निवू दिले. चौथ्या दिवशी, बुधवारी, झाकण कापून परात बाहेर काढली, स्पिरिटने धुतली, आणि मी ती काट्यावर ठेवली.

परातीला भोक नव्हते. तडा नव्हता. ओतण्याच्या नळीत एक कणही अडकलेला नव्हता. परातीचा चार बोटे उंच काठ स्वच्छ होता, म्हणजे काही उतूही गेले नव्हते.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या थोरल्या साहेबांनी एवढेच विचारले, की हे पात्र बंद कोणी केले आणि उघडले कोणी. उत्तर देण्याची गरज पडली नाही. सगळ्यांच्या नजरा ज्या माणसाकडे वळल्या तो माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ होता.

२. अकरा मिनिटे

माझा मेहुणा प्रयोगशाळेतील वेल्डर. परात त्यानेच घडवली होती. त्याच्या हाताबद्दल असे बोलले जाई, की हा माणूस फाटलेले आभाळसुद्धा जोडेल, फक्त शिडी तेवढी द्यावी लागेल.

परंतु त्याची जीभ त्याच्या हाताइतकी सावध नव्हती. महिन्यापूर्वी, परातीच्या आराखड्यावरील बैठकीत, कोणी न विचारता तो म्हणाला होता, की धार एकाच जागी पडत राहिली तर ही परात टिकायची नाही. आराखडा दशांश साहेबांचा होता. हे नाव त्यांना आम्हीच दिलेले. ते चहात साखर किती हेही दशांश चिन्ह देऊन सांगत. त्यांनी चष्मा पुसत विचारले, "वेल्डरदादा, तुमचा अंदाज किती दशांश स्थळांपर्यंत बरोबर असतो?" बैठक हसली. मेहुणा हसला नाही.

तेच हसू आता पुरावा झाले होते. अपमान झालेला माणूस, प्रयोग बिघडवण्याची संधी, झाकण कापून पुन्हा जोडण्याचे कसब. त्यात पहारेकऱ्याच्या वहीने भर घातली. पात्र निवत असताना दुसऱ्या दिवशी मेहुणा त्या खोलीत एकटा अकरा मिनिटे होता. तेथे दोघांनी मिळूनच जावे असा नियम आहे. का गेलास, असे विचारता तो जमिनीकडे पाहत म्हणाला, की निवलंय का ते बघायला. निवल्याचे आकडे बाहेरच्या यंत्रावर उमटतात हे तेथील मांजरालाही ठाऊक होते.

थोरल्या साहेबांनी शनिवार दुपारपर्यंत मुदत दिली. तोवर समाधानकारक खुलासा न मिळाल्यास बडतर्फी. त्याच दुपारी परातीच्या आराखड्यावर शेवटचा शिक्का बसून तो खऱ्या भट्टीच्या कारखान्याकडे जाणार होता. दशांश साहेबांचे म्हणणे होते, की सहा प्रयोग उत्तम झाले. सातवा चोराने नासवला, तो सोडून द्यावा.

घरी आलो तेव्हा पत्नीला सर्व कळले होते. तिने पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

"भांडारातला एकेक खिळा तुम्हाला पाठ आहे ना," ती म्हणाली, "मग माझ्या भावाची अब्रू कुठल्या फळीवर ठेवलीत तेवढं सांगा."

मी पेला खाली ठेवला आणि चपला घातल्या. अशा वेळी ज्यांच्याकडे जावे असे एकच माणूस माझ्या माहितीत होते.

३. भिंगबाई

भिंगबाई दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. तीस वर्षे त्यांनी आमच्याकडे वेल्डिंगचे एक्स-रे तपासले होते. डोळ्याला भिंग लावून काळ्या फिल्मवरील केसाएवढी चीर शोधायची, हे त्यांचे काम. निवृत्त होताना त्यांनी कार्यालयाकडून एकच भेट मागितली, ती म्हणजे फिल्म पाहण्याची जुनी उजेडाची पेटी. मी गेलो तेव्हा त्या पेटीच्या काचेवर मसूर पसरून त्या खडे निवडत होत्या.

"निवडणं काही सुटत नाही," त्या वर न पाहता म्हणाल्या. "बस. कुणी काय केलं?"

मी सर्व सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. अखेरीस एक खडा बाजूला सारून त्यांनी विचारले, की जळक्या पोलादाचा चुरा चोरून माणूस त्याचे करणार काय. मी म्हणालो, की चोरी वस्तूसाठी नव्हे, सूडासाठी झाली असे सगळे मानतात.

"सूड घ्यायला अडीच किलो कशाला लागतं? मूठभर उचललं असतं तरी प्रयोग बाद झाला असता. आणि सूडच घ्यायचा तर सगळं उचलायचं, परात कोरी ठेवायची, साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं." त्या उठल्या. "हा चोर विचार करून चोरी करणारा नाही. वाट मिळाली तसा गेलाय. उद्या सकाळी येते."

थोरले साहेब कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेले. भिंगबाईंना दारात पाहताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि आम्हांस तपासाची परवानगी मिळाली.

४. आरसा

पहिली साक्ष धुलाईताईंची झाली. या बाई रसायनशास्त्र शिकलेल्या. सोडियम माखलेली प्रत्येक वस्तू स्पिरिटमध्ये धुऊन निर्धोक करणे हे त्यांचे काम, म्हणून हे नाव. त्यांच्यावरही संशयाची सावली होतीच; धुण्याच्या टाकीत काहीही लपू शकते.

टाकीबद्दल विचारतील या अपेक्षेने ताई गाळण्या घेऊन आल्या होत्या. धुताना पडणारा प्रत्येक कण तीन गाळण्यांतून जातो, त्या वेळी मी आणि पहारेकरी समोर उभे असतो, आणि गाळलेला चुरा परातीसोबतच तोलला जातो, हे त्यांनी सांगितले. मी दुजोरा दिला. भिंगबाईंनी गाळण्यांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"झाकण निघालं तेव्हा आत पहिल्यांदा काय दिसलं?"

ताई क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "माझं तोंड."

खुलासा असा. झाकण कापताना पात्रावर पारदर्शक पिशवी चढवून तीत आरगॉन वायू भरतात, कारण सोडियमला हवा सोसत नाही. परातीच्या काठाआत थोडे सोडियम साचून थिजलेले होते. ताई पिशवीतून डोकावल्या तेव्हा त्या थिजलेल्या चांदीत त्यांना स्वतःचा चेहरा, कपाळावर ओघळलेल्या बटेसकट, स्पष्ट दिसला होता.

"बट दिसली? नक्की?"

"दिसली म्हणूनच मागे सारली."

भिंगबाई समाधानाने हसल्या. त्यांनी मला विचारले, की सोडियमचा ताजा काप हवेत ठेवला तर किती वेळ चकाकतो. मी म्हणालो, मिनिटभरही नाही; बघता बघता काळवंडतो, मग त्यावर पांढुरकी साय धरते.

"मग सांग. तुझ्या मेव्हण्याने दुसऱ्या दिवशी झाकण कापलं असतं, आत हात घातला असता, तर चौथ्या दिवशी हिला स्वतःची बट दिसली असती का?"

ज्या धातूला आम्ही आजवर केवळ भीत आलो होतो, तो तीन दिवस बंद पात्रात साक्षीदार होऊन बसला होता; आणि त्याची साक्ष खोडता येण्यासारखी नव्हती, कारण हवेचा एक श्वास जरी आत गेला असता तरी त्याचा चेहरा उतरला असता.

"तीन दिवसांत कुणी आत गेलं नाही," भिंगबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "उघडल्यानंतर तीन जणांच्या देखत काम झालं. याचा अर्थ तुमचं पोलाद पात्रातून बाहेर आलंच नाही. ते अजून आतच आहे."

मी नम्रपणे म्हणालो, की परात काढल्यावर मी स्वतः पात्रात डोकावलो होतो. तळाशी थिजलेल्या सोडियमखेरीज आत काहीही नव्हते.

"काही नव्हतं," त्यांनी विचारले, "की काही दिसलं नव्हतं?"

५. दुसरी गुंडी

परात माझ्या भांडारात मोहोरबंद होती. दुपारी आम्ही ती काढून लाकडी घोडीवर ठेवली. वरच्या बाजूस मध्याजवळ पोलादाचे कण एकमेकांस चिकटून त्यांची ढेप झालेली होती. ती परातीचाच भाग झाल्यासारखी घट्ट बसली होती. भिंगबाईंनी तीवर बोट टेकवले आणि परात उलटी करायला सांगितली.

पाठ राखाडी, स्वच्छ. भिंगबाईंनी काठीवरचा छोटा आरसा आणि भिंग काढले, आणि इंच इंच पाहत त्या मध्याकडे सरकल्या. तेथे सदऱ्याच्या गुंडीएवढा, गोल, किंचित फुगीर, चकचकीत ठिपका होता.

"हे काय?"

धुलाईताई लगेच म्हणाल्या, की ती तर वेल्डरदादांची खूण, धुताना पाहिली होती. मीही मान हलवली. हे सर्वांस माहीत होते. मेहुणा आपल्या प्रत्येक कामाच्या पाठीवर वितळलेल्या पोलादाचा एक थेंब गुंडीसारखा ठेवी. त्याच्या गुरूची तशी रीत होती, ती त्याने उचलली. प्रयोगशाळेत कोठेही पाठीवर गुंडी दिसली की काम दादांचे, हे आम्ही न पाहताच जाणत होतो.

"खूण कुठे ठेवतो तो?"

मी आठवून म्हणालो, की काठाला, परात ज्या पायांवर उभी राहते त्यांतील पहिल्याच्या शेजारी. आणि बोलता बोलता माझी नजर पहिल्या पायाकडे गेली. तेथेही एक गुंडी होती. मळकी, जुनी, आपल्या जागी शांत बसलेली.



"ओळखीच्या माणसाला आपण बघत नाही, नुसती मान हलवतो," भिंगबाई हळूच म्हणाल्या. "तिनं एक पाहिली, ओळखली, पुढं गेली. तू दुसरी पाहिलीस, ओळखलीस, पुढं गेलास. दोन आहेत हे मोजलं कुणी? आता ज्याची खूण आहे त्याला बोलाव. त्यानं ही पाठ पाहिलीच असेल."

त्याने पाहिलेली नव्हती. आमच्याकडील नियम असा, की वस्तू जो घडवतो त्याने ती तपासायची नाही. आपल्या कामाची चूक आपल्याला दिसत नसते. नियम शहाणपणाचाच आहे. परंतु त्या दिवशी त्याच नियमाने अशा एकाच माणसास दाराबाहेर ठेवले होते, ज्याला ही परात एका दृष्टिक्षेपात सर्व काही सांगून मोकळी झाली असती.

मेहुणा आला. एका रात्रीत त्याची गालफडे बसली होती. त्याने आधी काठाची गुंडी अंगठ्याने चाचपली, जसे ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा. मग मध्यावरची चाचपली, आणि हात मागे घेतला.

"दाजी," तो मला म्हणाला, "ही माझी नाही. मी ठेवलेली वरून बसलेली असते. ही आतून बाहेर आलीय."

६. खोटारडा नऊ

दशांश साहेबांनी ऐकून घेतले, आणि शांतपणे उत्तर दिले. गुंडी दिसली म्हणजे भोक पडले असे सिद्ध होत नाही. उष्णतेने पाठीवर फोडही येऊ शकतो. परातीची जाडी बारा पूर्णांक शून्य मिलिमीटर. एवढी जाडी भेदून अडीच किलो रस खाली गेला आणि मग भोक आपणहून बुजले, ही कल्पना सुंदर असली तरी कल्पनाच आहे. ते उद्धटपणे बोलले नाहीत. आपल्या पोटच्या पोरावर आळ आला असता बाप जसा बोलेल तसे बोलले.

भिंगबाईंनी विचारले, की पात्राच्या तळाला तापमापक लावलेला असतो ना.

"असतो. नऊ नंबरचा. पण तो खोटं बोलतो."

तेही खरे होते. क्रेन सुरू झाली की नोंदयंत्राच्या कागदावरील नऊ नंबरची रेघ उगाच उसळी घेई. सगळे त्याला खोटारडा म्हणत. प्रयोगाच्या दिवशीही तो उसळला होता, म्हणून साहेबांनी स्वच्छ प्रतीत ती रेघ घेतलीच नव्हती.

मूळ कागदाची गुंडाळी मात्र माझ्याकडे होती. भांडारपालाने काही फेकायचे नसते, हा माझा एकमेव शास्त्रीय सिद्धान्त. शुक्रवारी सकाळी मी मागील सहा प्रयोगांच्या आणि सातव्याच्या गुंडाळ्या बाहेरच्या लांब टेबलावर उलगडल्या, टोकांना वजने ठेवली, आणि भिंगबाई आपले भिंग घेऊन नवव्या रेघेवरून चालू लागल्या.

पूर्वीच्या उसळ्या काट्यांसारख्या होत्या. सुई वर गेली आणि तत्क्षणी खाली आली. प्रयोगाच्या दिवशीची उसळी तशी नव्हती. रेघ सरळ उभी चढली होती, आणि मग हळूहळू, टेकडीच्या उतारासारखी, सतरा मिनिटे उतरत गेली होती.

"क्रेन बंद झाली की खोटं लगेच संपतं," भिंगबाई म्हणाल्या. "पण हा सतरा मिनिटं सावकाश उतरतोय, निवणाऱ्या तव्यासारखा. इतक्या धीराने कुणी खोटं बोलत नाही, साहेब. जन्मात एकदा खरं बोलला बिचारा, आणि त्या दिवशी कुणी ऐकलं नाही."

दशांश साहेब टेबलावर वाकले. पुष्कळ वेळ ते त्या उतारावर बोट फिरवत होते. त्यांच्या मनात कोणते गणित चालले होते हे मला कळणे शक्य नव्हते, परंतु गणित जसजसे पुढे सरकले तसतसा त्यांच्या चेहऱ्यावरील रंग मागे हटताना मी पाहिला.

"ही रेघ मी काढून टाकली," ते म्हणाले. "मीच. उद्या दुपारी आराखड्यावर शिक्का बसणार होता." मग ते भिंगबाईंकडे वळले. "बाई, तळाचा एक्स-रे काढायचा तर किती वेळ लागेल?"

७. थिजलेल्या चांदीतले आकाश

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोडियमच्या भांड्याला तळाशी भोक पाडत नाहीत; भोकच नसेल तर गळती कोठून होणार, असा त्यामागील विचार. सोडियम काढायचे ते वरून सोडलेल्या नळीने. ती नळी तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून दर वेळी चार बोटे सोडियम मागे राहते आणि थिजते. त्यास आम्ही तळठेव म्हणतो. ती चकचकीत तळठेव मी पाहिली होती. तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याचे सामर्थ्य माणसाच्या डोळ्यात नाही.

शनिवारी सकाळी पात्राच्या एका बाजूस किरणांचा स्रोत, दुसऱ्या बाजूस फिल्म लावून, सर्वांना बाहेर काढून, चित्र घेतले गेले. ओली फिल्म भिंगबाईंनी स्वतः टांगली. थोरले साहेब, दशांश साहेब, धुलाईताई, मेहुणा आणि मी असे पाच जण त्या उजेडाच्या चौकोनापुढे उभे होतो. कोणी कोणाच्या पुढे जात नव्हते.

काळ्याशार फिल्मवर, तळाच्या रेघेवर, शुभ्र कणांची एक सखल रास दिसली. शेकडो कण. काही पाकळ्यांसारखे, काही पानांसारखे मुडपलेले, काही थेंबासारखे गोल. प्रत्येक कण शेजारच्यापासून सुटा. निरभ्र आकाशातील चांदण्यांचा एक झुबका कोणीतरी खाली उतरवून ठेवावा तसे ते दिसत होते. आणि त्याखालील तळाची रेघ सरळ होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

भिंगबाईंनी क्रमाने सांगितले. धार खरोखरच एकाच जागी पडत राहिली आणि तिने परात भेदली. अडीच किलोहून अधिक रस त्या छिद्रातून निसटला. मग धार मंदावली, शेवटचे पोलाद छिद्रातच गोठले, वरून कणांची ढेप बसली, खालून गुंडी उमटली. चोराने जाताना दार लावून घेतले, आणि वर आपल्या सर्वांच्या ओळखीचे कुलूप ठेवले.

परंतु माझे मन त्या स्पष्टीकरणात नव्हते. परातीखाली तेव्हा वीतभर सोडियम भरलेले होते. ज्या रसाने बारा मिलिमीटर पोलाद खाल्ले, त्याला त्या वीतभर अंतरात सोडियमने फोडले, विखुरले, निववले, आणि तळावर अलगद आणून ठेवले. झेलणाऱ्याच्या हातून निसटलेले दुसऱ्या कोणीतरी झेलले होते. ज्याला आम्ही आग म्हणून भीत होतो, त्याने हे केले होते. कोणाच्याही आज्ञेवाचून.

तथापि प्रयोगातील रस वीस किलो होता. खऱ्या भट्टीत तो किती असेल, हा विचार त्या खोलीत प्रत्येकाच्या मनात आला असावा.

थोरल्या साहेबांनी शेवटी विचारले, की हे किती भरेल.

दशांश साहेबांनी चष्मा काढला. "सुमारे," ते म्हणाले, "अडीच किलो." तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला. मग ते माझ्या मेहुण्यासमोर जाऊन उभे राहिले. "दादा, तुमचा अंदाज किती दशांशांपर्यंत बरोबर होता ते आता मला कळलं. आराखडा परत घेतोय. नवीन परात कशी असावी, हे ठरवायला माझ्याशेजारी बसाल का?"

बाहीने नाक पुसून मेहुण्याने मान हलवली.

८. कोरी पाठ

नवी परात दुमजली झाली. वरच्या मजल्याच्या मध्यावर एक उतरता उंचवटा आहे. त्यावर पडलेली धार एकाच जागी न राहता फुटून चहूकडे पसरते. त्यातूनही काही निसटले तर खाली, सोडियमच्या थराखाली, दुसरा मजला वाट पाहत असतो. नियमातही भर पडली: तपासणारे तपासतीलच, परंतु घडवणाऱ्यालाही एकदा पाहू द्यावे. पुढील प्रयोगात वीसच्या वीस किलो वरच्या मजल्यावर मिळाले. नऊ नंबरच्या रेघेकडे सर्वांनी आदराने पाहिले. ती सरळ होती.

अकरा मिनिटांचा उलगडा मेहुण्याने माझ्या घरी, त्याची बहीण वाढत असताना केला.

"परातीची काळजी वाटत होती. लेकराला ताप आला की कपाळावर हात ठेवतो ना, तसा पात्राला हात लावून उभा होतो. चौकशीत हे सांगितलं असतं तर पुन्हा हसले असते."

माझी पत्नी हातातील पळी तशीच धरून क्षणभर थांबली, आणि मग तिने त्याच्या पानात आणखी वाढले.

खऱ्या भट्टीसाठीची मोठी परात सहा महिन्यांनी तयार झाली. पाठवण्यापूर्वी ती माझ्या भांडारात नोंदीसाठी आली. क्रेनने ती आडवी टांगली होती. मी खाली वाकून पाठीवर कारागिराची खूण शोधू लागलो. पहिला पाय पाहिला, मग दुसरा, मग सगळा काठ पाहिला.

"सापडायची नाही, दाजी," मागून मेहुणा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिले. पंधरा वर्षांत गुंडीवाचून त्याच्या हातातून एक बिजागरीही सुटली नव्हती; आणि हे तर त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम.

"माझ्या खुणेच्या आड लपली ती दुसरी गुंडी," तो म्हणाला. "आता पाठ कोरी. उद्या मी नसेन, तुम्ही नसाल. कुणाला इथं गुंडी दिसली तर ती दादाची असेल म्हणून त्यानं पुढं जाता कामा नये."

तो क्रेनवाल्याला खूण करायला गेला. मी नोंदवही उघडली आणि कारागिराच्या खुणेच्या रकान्यात 'नाही' असे लिहिले. थोड्या दिवसांत ही परात एका अशा अंधारात उतरणार होती, जेथे साठ वर्षे तिला कोणी पाहणार नाही, आणि कोणी न पाहावे यातच सर्वांचे कल्याण होते.

आसपास कोणी नाही असे पाहून मी तिच्या कोऱ्या पाठीवर तळहात ठेवला. ती गार होती.